सुई दवाखान्यात, औषध घरात

कर्करोगावरील इंजेक्शन म्हटले की रुग्णालयातील खाट, वर टांगलेली सलाइनची बाटली आणि तिच्यातून थेंबाथेंबाने उतरणारे औषध एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्या औषधाच्या सुरक्षिततेची सारी जबाबदारी डॉक्टरांची आणि परिचारिकांची. घरच्या माणसांनी डबा पोहोचवावा, धीर द्यावा, बिल भरावे, असा समज सर्वत्र आढळतो. गेल्या दीड वर्षात माझ्या यजमानांच्या आजारपणाने मला जे शिकवले ते याहून वेगळे आहे. इंजेक्शन टोचायला दवाखान्यात जेमतेम पाच सेकंद लागतात. त्यानंतरचा आठवडा मात्र त्या औषधाबरोबर घरातच काढायचा असतो. त्या आठवड्याविषयी चार गोष्टी ज्येष्ठ वाचकांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सांगाव्यात, म्हणून हा लेख.

यजमानांचे वय ७१. पाठदुखी, थकवा आणि उतरत गेलेले हिमोग्लोबिन यांचा माग काढता काढता 'मल्टिपल मायलोमा' हे निदान झाले. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग. तो बहुधा उतारवयात होतो, आणि पाठदुखी व थकवा ही तर म्हातारपणाचीच लक्षणे मानली जात असल्यामुळे पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर 'बोर्टेझोमिब' नावाचे इंजेक्शन सुरू केले. प्रत्येक पेशीत टाकाऊ प्रथिनांची विल्हेवाट लावणारी एक यंत्रणा असते. हे औषध ती यंत्रणा रोखून धरते. मायलोमाच्या पेशी बेसुमार प्रथिने तयार करीत असतात, त्यामुळे स्वतःच्याच कचऱ्यात त्या गुदमरतात. डॉक्टरांनी ही गोष्ट इतकी सोपी करून सांगितली, की यजमान म्हणाले, "म्हणजे घंटागाडी बंद पाडायची!"

अमेरिकेत या औषधाला २००३ साली मान्यता मिळाली, तेव्हा ते शिरेतून देत. हातापायांच्या नसांना इजा होणे, हा त्याचा सर्वांत त्रासदायक दुष्परिणाम. पुढे २२२ रुग्णांवर एक तुलनात्मक अभ्यास झाला आणि २०११ साली तो प्रसिद्ध झाला. शिरेतून औषध घेतलेल्यांपैकी ५३ टक्के रुग्णांना नसांचा त्रास झाला होता. त्वचेखाली घेतलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. तीव्र त्रासाचे प्रमाण तर १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले होते, आणि औषधाचा गुण मात्र तेवढाच होता. म्हणून आता हे इंजेक्शन बहुधा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली देतात. सलाइन नाही, खाट नाही. पाच सेकंदांत काम संपते.

हा सोपेपणाच आमच्या घरातील पहिल्या वादाचे कारण ठरला.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दर गुरुवारी आसरा चौकातून रिक्षा करून शहरातील रुग्णालयात जायचे, रक्त तपासायचे, अहवालाची वाट पाहायची आणि पाच सेकंदांच्या सुईनंतर परत यायचे, यात सारी सकाळ जाई. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून पुढे सरकतो. अशा उन्हात पाठीच्या दुखण्यासह रिक्षाचे हिसके सोसणे त्यांना नकोसे झाले. एका नातेवाइकाने सुचवले, "इन्सुलिनसारखेच तर आहे. आमच्या ओळखीचा कंपाउंडर घरी येऊन टोचून जाईल." यजमानांना ते फार पटले. मी नको म्हटले तर म्हणाले, "अगं, तुला माझे हाल दिसत नाहीत का?" या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. हाल तर मला दिसतच होते.

पुढच्या गुरुवारी मी हा विषय डे-केअरमधील मुख्य परिचारिकेपुढेच काढला. त्यांनी रागावण्याऐवजी बाकावर शेजारी बसून तीन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली अशी, की या औषधाच्या कुपीत पांढरी भुकटी असते; ती द्रावणात विरघळवावी लागते. साडेतीन मिलिग्रॅमच्या कुपीत शिरेसाठी साडेतीन मिलिलिटर सलाइन घालतात, त्वचेखालच्या इंजेक्शनासाठी केवळ १.४ मिलिलिटर. म्हणजे त्याच सिरिंजमधील तेवढ्याच द्रावणात अडीचपट औषध असू शकते. मोजणारा जाणता नसेल, तर चूक डोळ्यांना दिसतही नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी मात्रा ठरवण्याआधी रक्तातील प्लेटलेट आणि इतर पेशी पाहाव्या लागतात. त्या फार उतरल्या असतील, तर त्या दिवशी इंजेक्शन न देणे हाच उपचार असतो. घरी आलेला कंपाउंडर हे कशावरून ठरवणार? तिसरी, हे औषध तयार करताना उडालेले कण किंवा थेंब निरोगी माणसालाही अपायकारक आहेत. ते हातमोजे घालून, त्यासाठीच असलेल्या बंदिस्त कपाटात मिसळतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नव्हे.

यजमान ऐकत होते. बाहेर पडताना म्हणाले, "ठीक आहे. पण रिक्षा दारापर्यंत आली पाहिजे." तेव्हापासून ठरलेला रिक्षावाला दर गुरुवारी सकाळी सातला, ऊन तापण्याआधी, दारात उभा राहतो. रुग्णाचे हाल खरे असतात. ते कमी करण्याचे मार्ग शोधावेत. सुरक्षिततेला मात्र कात्री लावू नये.

रुग्णालयात प्रत्येक वेळी परिचारिका त्यांना पूर्ण नाव विचारतात. सहा महिने दर आठवड्याला जाऊनही नाव विचारले, की यजमान चिडत. "रोजची ओळख आहे, तरी ही उलटतपासणी कशाला?" कारण सरळ आहे. एकाच सकाळी एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारच्या खुर्च्यांवर बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. दोन परिचारिका मिळून नाव, औषध, मात्रा आणि देण्याचा मार्ग ताडून पाहतात. बोर्टेझोमिब चुकून मणक्यातून दिले गेल्यास ते प्राणघातक ठरते. असे मृत्यू झालेले आहेत आणि औषधाच्या माहितीपत्रकातच तसा इशारा असतो. म्हणूनच सिरिंजवर मार्ग लिहिलेली चिठ्ठी असते. घरच्या माणसाने ती वाचावी. त्यात अविश्वास नाही. दोन डोळ्यांच्या जोडीला आणखी दोन डोळे येतात, एवढेच.

मी शंभर पानी वही घातली आहे. तिच्यात दर गुरुवारची तारीख, वजन, मात्रा आणि इंजेक्शनची जागा लिहिते. मात्रा उंची आणि वजन यांवरून काढतात, त्यामुळे वजन घटले तर सांगणे आवश्यक. जागेसाठी पोटाचा आणि मांड्यांचा साधा आराखडा काढून खुणा करते. आधीच्या जागेपासून निदान एक इंच दूर टोचायचे असते. लाल झालेल्या, दुखऱ्या वा काळ्यानिळ्या भागावर टोचायचे नसते. प्रत्येक वेळी नव्या परिचारिका असल्या, तरी वही तीच असते.

आता औषध विकत घेण्याविषयी. काही वेळा कुपी आपणच बाहेरून आणून द्यावी लागते. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या कर्करोग-इंजेक्शनांच्या वापरलेल्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यांत बुरशीवरील स्वस्त औषध भरून ते लोक विकत असत. ती बातमी वाचल्यापासून मी तीन नियम पाळते. ओळखीतून स्वस्तात मिळणारे औषध घ्यायचे नाही. पक्की पावती घ्यायची आणि तिच्यावरील बॅच क्रमांक व मुदत खोक्यावरील मजकुराशी जुळते का ते पाहायचे. कुपीचे सील परिचारिकेनेच आपल्यादेखत उघडायचे आणि रिकामी कुपी रुग्णालयातील कचऱ्याच्या ठरलेल्या डब्यातच जायची. दुकानातून कुपी आणताना ती खोक्यातच ठेवावी, कारण या औषधाला उजेड चालत नाही. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ती कधीही ठेवू नये. सोलापूरच्या दुपारी डिकीची भट्टी होते. कोणते औषध किती तापमानाला ठेवायचे, हे त्या त्या खोक्यावर छापलेले असते. ते चष्मा लावून वाचावे आणि दुकानदाराला पुन्हा विचारून घ्यावे.

काही इंजेक्शने मात्र खरोखरच घरी घ्यायची असतात. आमच्याच गल्लीतील एका भगिनीला केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारे 'फिलग्रास्टिम' घरी घ्यावे लागते. ते कर्करोग मारणारे औषध नव्हे, पण त्याचेही नियम कडक आहेत. ते २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायचे; बर्फाच्या कप्प्यात नाही आणि सतत उघडझाप होणाऱ्या दारातही नाही. गोठलेले औषध परस्पर वापरायचे नाही. सिरिंज हलवून फेस आणायचा नाही. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण चढवायचे नाही. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ती टाकायची आणि डबा भरला की रुग्णालयात परत द्यायचा. घरच्या कचऱ्यात टाकलेली सुई शेवटी टोचते ती घंटागाडीवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताला.

इंजेक्शननंतरचे ४८ तास आमच्या घरी वेगळे पाळले जातात. या काळात औषधाचा काही अंश लघवी, शौच आणि उलटी यांवाटे बाहेर पडतो. यजमान लघवीलाही कमोडवर बसतात, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. झाकण लावून दोनदा पाणी सोडतात. साबणाने हात धुतात. मळलेले कपडे किंवा चादर मी हातमोजे घालून उचलते आणि वेगळी धुते. हे सारे ऐकायला सोपे आहे, पण आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. दोनदा पाणी सोडा म्हणणाऱ्या परिचारिकेला मी हसून विचारले, "सिस्टर, पाणीही तुम्हीच देणार का?" शेवटी गुरुवार आणि शुक्रवारसाठी एक पिंप वेगळे राखले. त्या पिंपाला घरात कोणी हात लावत नाही.

याच काळात आमची लेक बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. सातवा महिना सरत होता. कोणीतरी तिच्या सासरी सांगितले, की केमोच्या रुग्णाजवळ गर्भवतीने बसूही नये. तिचे येणे रद्द होण्याच्या बेतात आले. यजमान काही बोलले नाहीत, रात्री फक्त एवढेच म्हणाले, "मी काय आता अस्पृश्य झालो?" दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांचे उत्तर अगदी स्पष्ट होते. शेजारी बसणे, हात धरणे, मिठी मारणे, एका पंगतीत जेवणे यांत कसलाही धोका नाही. गर्भवतीने औषधाला, रुग्णाच्या मलमूत्राला, उलटीला आणि मळलेल्या कपड्यांना हात लावू नये. शक्य असल्यास शौचालय वेगळे वापरावे. एवढेच. लेक आली. तिच्या डोहाळजेवणाला यजमानांनी स्वतः तिच्या ओटीत नारळ घातला. नियम नीट समजून घेतला, तर तो माणसांना जवळ राहू देतो. अर्धवट कळलेला नियम मात्र घरात भिंत बांधतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. उपचारांच्या पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो होतो. मागून एक मुलगा ओरडला, "आजोबा, चप्पल!" यजमानांची डाव्या पायातली चप्पल दहा पावले मागे पडली होती, आणि त्यांना ते कळलेच नव्हते. घरी येऊन मी खोदून विचारले, तेव्हा खरे बाहेर आले. महिनाभरापासून तळव्यांना मुंग्या येत होत्या. रात्री चादरीचा स्पर्शही झोंबत असे. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागत होता. म्हणून ते हल्ली गुंड्यांऐवजी बंडी घालू लागले होते.

"मग डॉक्टरांना का सांगितले नाही?" मी विचारले.

"सांगितले असते, तर त्यांनी औषध कमी केले असते. औषध कमी झाले, की आजार वर येईल. पाय बधिर झाले तर चालेल, पण लेकीचे बाळ पाहायचे आहे मला."

या बोलण्यावर मला रागही आला नाही आणि रडूही आले नाही. वर्गात चाळीस वर्षे मुलांना शिकवताना मी एक पाहिले होते, की लपवणारा बहुधा भित्रा नसतो. त्याला काहीतरी जपायचे असते. मी फक्त एवढेच म्हटले, "अहो, बाळ पाहायचे आहे, तसे ते उचलूनही घ्यायचे आहे ना? बधिर बोटांनी कसे घ्याल?"

डॉक्टरांनी तपासून मात्रा कमी केली आणि तसे करण्यामागची कारणमीमांसाही सांगितली. नसांचा त्रास वेळीच कळला, तर मात्रा घटवून किंवा दोन इंजेक्शनांमधील अंतर वाढवून उपचार चालू ठेवता येतात. त्रास लपवला आणि तो तीव्र झाला, तर औषध पूर्ण थांबवण्याची पाळी येते. म्हणजे औषध टिकवण्यासाठीच त्रास सांगायचा असतो. मधुमेह असलेल्यांच्या नसा आधीच नाजूक असतात, त्यांनी तर अधिक जपावे. आता यजमानांचा आजार आटोक्यात आहे. मुंग्या कमी झाल्या आहेत, पुरत्या गेलेल्या नाहीत. घरात ते मागे पट्टा असलेल्या चपला घालतात, अंघोळीचे पाणी आधी मी कोपराने पाहते आणि रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा चालू असतो. नात पाच महिन्यांची झाली. तिला ते खुर्चीत बसूनच मांडीवर घेतात.

म्हणून वहीत मी आता दर रविवारी चार प्रश्न लिहून ठेवते: मुंग्या आहेत का? गुंडी लावता येते का? चप्पल पायात राहते का? उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? "कसे वाटते?" असे विचारले, की आपली वडीलधारी माणसे "बरे आहे" एवढेच सांगतात. नेमका प्रश्न विचारला, तर नेमके उत्तर मिळते.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर तो उन्हाचा असेल म्हणून पॅरासिटामॉल देऊन थांबू नये. लगेच रुग्णालयाला फोन करावा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. या औषधाने नागीण होण्याची शक्यता वाढते. तिला अटकाव करण्यासाठी दिलेली गोळी चुकवू नये. एका बाजूला आग होऊन फोड उठले, तर गेरू लावणे, नागीण उतरवून घेणे, तिची दोन्ही तोंडे मिळतात का याची धास्ती घेणे यांत वेळ दवडू नये. विषाणूविरोधी औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले, तर अधिक उपयोगी पडते. हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, थांबत नसलेले जुलाब किंवा हट्टी बद्धकोष्ठ हेही सांगण्याजोगेच.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एकदम उठू नये. आधी खाटेच्या कडेला बसावे. मायलोमात मूत्रपिंडे नाजूक असतात, म्हणून अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नये आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तितके पाणी प्यावेच. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर त्याचा विसर पडता कामा नये. ग्रीन टी आरोग्याला चांगला म्हणून अनेक घरांत आला आहे. परंतु त्यातील एक घटक बोर्टेझोमिबला बांधून निष्प्रभ करतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासात २००९ साली दिसून आले. म्हणून आमच्या डॉक्टरांनी ग्रीन टी आणि 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. जेवणातील लिंबाच्या फोडीला हरकत घेतली नाही. प्रेमाने कोणी काढा किंवा चूर्ण आणून दिले, तर आम्ही त्याचे आभार मानतो आणि बाटली पुढच्या गुरुवारी डॉक्टरांपुढे ठेवतो.

आपला सोलापूर जिल्हा कर्करोगाच्या बाबतीत मागे नाही, हेही येथे नोंदवावेसे वाटते. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ साली आपल्याच बार्शीत सुरू झाली. खेड्यापाड्यांतील कर्करोगाची मोजदाद करता येते आणि तिचा उपयोग होतो, हे त्या कामाने दाखवून दिले. मोठ्या नोंदवहीला जे साधते, तेच छोट्या प्रमाणात घरच्या वहीलाही साधते. माझ्या वहीत कसलेही वैद्यकीय ज्ञान नाही. तारखा, वजन, जागा आणि चार प्रश्नांची उत्तरे आहेत. परंतु मात्रा बदलताना डॉक्टरांनी ती वही स्वतःकडे ओढून घेऊन पाच मिनिटे वाचली.

ज्या वाचकांच्या घरी असे उपचार चालू आहेत, त्यांनी आपल्या औषधाचे नाव, ते कोणत्या मार्गाने दिले जाते, ते कसे ठेवायचे, ४८ तासांत काय पाळायचे आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, या पाच गोष्टी पुढच्या भेटीत विचारून लिहून घ्याव्यात. प्रत्येक औषधाचे नियम निराळे असतात, तेव्हा आमचे नियम उतरवून घेऊ नयेत, आपल्या डॉक्टरांना विचारावेत. आणि रुग्णाला एक आश्वासन आवर्जून द्यावे: त्रास सांगितला, म्हणून तुमचे औषध आम्ही हिरावून घेणार नाही, ते तुम्हाला अधिक दिवस घेता यावे, म्हणूनच विचारतो आहोत.